गोल भिंतीवर चौकोनी शहाबादी

मुलुंडहून एका गृहस्थांनी विचारलंय ते थोडक्यात असं. सोसायटीच्या आवारात, त्यांच्या तळमजल्याच्या फ्लॅटसमोर, फुलझाडांच्या वाफ्याला वळणदार भिंत आहे. नऊ इंची विटांची, अडीच फूट उंच, वळणावरून टेप फिरवली तर 22 फूट. आत माती, मोगरा, अनंत. माथ्यावरचं प्लास्टर दरवर्षी फुटतं आणि रंग सोलतो. पार्किंगच्या कामातून 2 बाय 2 च्या 14 शहाबादी लाद्या उरल्यात, त्या माथ्यावर बसवायच्या आहेत. गवंडी म्हणतो, फोडून चायना मोझॅकसारखं लावून टाकतो. शेजारी म्हणतात, ग्रॅनाइट गोल कापून आणा. यांना दोन्ही पटत नाही, आणि काम पावसाच्या आत उरकायचंय.

लाद्या चालतील, हे आधीच सांगून टाकतो. ग्रॅनाइटवर पैसे घालू नका. मोझॅकबद्दल पुढे बोलतो. गवंड्याचं म्हणणं अगदीच वेडगळ नाही. मी गेली 27 वर्षं मुंबई-ठाण्यात बागांची बांधकामं करतोय, कट्टे, वाफे, पायवाटा, पाण्याची कुंडं. गोल भिंती त्यात पुष्कळ आल्या, कारण बागेचा नकाशा काढणाऱ्याला वळणाची फार हौस असते आणि ते वळण बांधणारा दुसराच कोणीतरी असतो.

तुम्ही विचारलंत वळणाबद्दल. चौकोनी लादी गोलावर कशी फिरवायची, हा हिशोबाचा भाग आहे आणि तो एका दुपारी सुटतो. पण प्लास्टर दरवर्षी फुटतं, हे वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, आणि खरं दुखणं तिथे आहे. भिंतीच्या माथ्यावर दगड बसवताना गवंड्याच्याही डोक्यात फरशी असते. फरशीखाली जमीन असते, पाणी झिरपलं तर झिरपलं. तुमच्या दगडाखाली विटा आहेत, आणि मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा हे काम छपराचं समजून करा. छपराला जे लागतं ते सगळं याला लागतं. ढाळ लागतो, पुढे आलेली वळचण लागते, आणि पागोळी भिंतीपासून सुटी पडावी लागते. या तीन गोष्टी जमल्या तर साधी शहाबादीही वर्षानुवर्षं टिकते. नाही जमल्या तर ग्रॅनाइटखालचं प्लास्टरही दुसऱ्या वर्षी फुगतं.

लादीला हात लावण्याआधी भिंत बघा, आत्ताच, पाऊस नसताना. रंग आणि प्लास्टर फक्त वरच्या सहा-नऊ इंचांत फुगलंय का? मग पाणी माथ्यावरून शिरतंय आणि दगड हा त्यावरचा इलाज आहे. ओल मधोमध किंवा तळाशी असेल, पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची भुकटी, फुटला असेल, तर पाणी मातीच्या बाजूने येतंय. झाडांना रोज घातलेलं पाणी विटांमधून बाहेर पडतंय, आणि त्यासाठी माथ्यावर संगमरवर लावला तरी उपयोग नाही. अशा वेळी भिंतीलगतची माती आतून फूटभर रुंद आणि जमेल तितकी खोल काढायची, तिथे प्लास्टर करून वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे. भिंतीच्या तळाशी निचऱ्याची भोकं आहेत का, तेही पाहा. बहुधा असतील आणि बुजलेली असतील. सोसायटीचा रंगारी पुट्टी भरताना तीही इमानाने भरून टाकतो. तुमच्याकडे दोन्ही रोग असण्याची शक्यता जास्त आहे. तसं असेल तर मातीचं काम आधी, माथ्याचं नंतर.

आता दगड. शहाबादी म्हणजे कर्नाटकातल्या कलबुर्गी भागातला थरांचा चुनखडी दगड. थर असतात म्हणून तो सपाट निघतो आणि स्वस्त पडतो, आणि थर असतात म्हणूनच तो पापुद्र्यांनी सुटतो. उरलेली प्रत्येक लादी उभी धरून हातोडीच्या दांड्याने वाजवून घ्या. खणखणीत वाजली तर घ्यायची. बद्द आवाज आला तर आत थर सुटलाय. ती पायवाटेला ठेवा, माथ्यावर नको. मग जाडी बघा. पुढे काढलेल्या कडेवर कोणीतरी पाय देणारच, म्हणून इंचापेक्षा पातळ लादी मी वापरत नाही. एकाच गठ्ठ्यात एक इंचाची आणि दीड इंचाची अशा दोन्ही सापडतात. मिळत्याजुळत्या आठ निवडा, तुम्हाला तेवढ्या पुरतील. कशा, ते सांगतो.

आधी वळणाची त्रिज्या काढू. भिंतीच्या मातीकडच्या कडेवर, एकमेकांपासून सरळ 6 फुटांवर दोन खुणा करा. दोरी ताणून धरा आणि दोरीच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते साडेपाच इंच आलं. अर्धी दोरी 36 इंच. 36 गुणिले 36 म्हणजे 1296, त्याला साडेपाचच्या दुपटीने, 11 ने, भागलं की 117.8. त्यात साडेपाचचं अर्धं, पावणेतीन, मिळवा. 120 इंच आणि वर थोडं, म्हणजे त्रिज्या दहा फूट. हेच माप तीन ठिकाणी घ्या. तिन्हीकडे पाव इंचाच्या आत सारखं आलं तर वळण एकाच वर्तुळाचं आहे आणि तुम्ही नशीबवान आहात. एकीकडे पाच, दुसरीकडे सात आलं, तर बांधणाऱ्याने नजरेने बांधलंय. मग सगळ्या तुकड्यांना एकच माप चालणार नाही, दोन किंवा तीन साचे करावे लागतील. पुढचा हिशोब मी दहा फूट धरून करतोय. तुमचा आकडा वेगळा आला तर तो घालून हीच वाट धरा.

नऊ इंची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसह दहा इंच होते. दगड दर्शनी बाजूला दीड इंच आणि मातीकडे अर्धा इंच बाहेर काढायचा, एकूण रुंदी 12 इंच. नवा दगड आणणार असता तर मी दोन्हीकडे दीड-दीड इंच सांगितलं असतं. पण 13 इंच रुंदी धरली की 24 इंचांच्या लादीतून एकच ओळ निघते आणि 11 इंचांची पट्टी वाया जाते. 12 धरली की दोन ओळी. कटरच्या पात्यात सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जाईल ते जाऊ दे. मातीकडे अर्ध्या इंचावर भागतं, कारण तिथलं पाणी मातीतच पडणार आहे आणि त्या अंगाला वॉटरप्रूफिंग असणार आहे. दर्शनी बाजूला मात्र तडजोड करू नका.

म्हणजे दगडाची पुढची कड साडे 131 इंचांच्या त्रिज्येवर आली आणि मागची साडे 119 वर. चौकोनी फुटाचे तुकडे मागे चिकटवून मांडले तर पुढे प्रत्येक सांधा सव्वा इंचाच्या आसपास उघडतो. बहुतेक गवंडी तो सिमेंट-रेतीच्या मालाने भरून मोकळे होतात. लहान मुलाने काढलेल्या सूर्याच्या किरणांसारखं दिसतं ते, आणि पहिल्या उन्हाळ्यात तो माल दगडापासून सुटला की वीसेक ठिकाणी पाण्याला दार उघडतं. म्हणून तुकडा पुढे रुंद, मागे अरुंद कापायचा, कलिंगडाच्या फोडीचं टोक उडवल्यासारखा. मग सांधा पुढेमागे सारखाच राहतो. दोन सूत ठेवा, म्हणजे पाव इंच. त्याहून बारीक सांधा या हातकापाच्या दगडाला झेपत नाही.

तुकडा किती लांब घ्यायचा, यावर भिंत गोल दिसणार की नाही ते ठरतं. पुढची कड आपण सरळच ठेवणार. शहाबादीची कड गोलात घासायला गेलं की थर उडतात, आणि तेवढी गरजही नाही. सरळ कडेचा 24 इंची तुकडा या वळणावर मधोमध साडेचार सूत आत राहतो. ते डोळ्यांना खटकतं, भिंत कोनाकोनाची वाटते. 12 इंचांना हाच फरक एका सुतावर येतो आणि उभ्या माणसाला तो कळत नाही. लांबी निम्मी केली की फरक चौथाईवर येतो, एवढं ध्यानात ठेवलंत तर कोणत्याही वळणाला तुकडा किती घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवाल.

आता वाटणी. 22 फूट तुम्ही कुठल्या अंगाने मोजलंत ते लिहिलेलं नाही, तेव्हा टेप पुन्हा फिरवा, दगडाची पुढची कड जिथे येणार आहे तिथून. समजा 264 इंच भरले. 22 तुकडे केले तर सांध्यासह प्रत्येकाला 12 इंच. सांधा वजा जाता दगड पुढे पावणेबारा. मागे त्याच प्रमाणात सांध्यासह 10.9 इंच येतात, सांधा वजा जाता दहा इंच पाच सूत. पुढेमागे फरक नऊ सुतांचा, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार सूत तिरपा काप. झालं गणित. लांबी 264 ऐवजी 267 भरली तरी असंच सारखं वाटून घ्या, सुतासुताने वाढवा. एका टोकाकडून 12 इंच मारत गेलात तर शेवटी तीन इंचांची पाचर उरते, आणि ती नेमकी जिन्यातून उतरणाऱ्याच्या नजरेसमोर येते.

एका लादीतून असे चार तुकडे बसतात. लादी मधोमध आडवी कापायची आणि प्रत्येक पट्टीत दोन. कटरवाला हुशारी म्हणून एक तुकडा उलटा, एक सुलटा लावायला जाईल. मोठ्या कामात त्याने दगड वाचतो, इथे नको. दोन्ही तुकडे सुलटे ठेवले तरी 24 इंचांत मावतात, आणि फायदा असा की चारही तुकड्यांची पुढची कड लादीच्या मूळ कडेवर येते. कापलेल्या कडा सगळ्या मागे, मातीकडे. सहा लाद्यांत 24 तुकडे झाले, दोन लाद्या फुटतुटीला. फक्त एक बघा. 2 बाय 2 म्हणून विकलेली शहाबादी क्वचितच भरून 24 इंच असते. साडे 23 निघाली तर 22 ऐवजी 23 तुकडे करा. दगड पुढे सव्वाअकरावर येतो आणि आरामात निघतो.

गवंड्याचं मोझॅक इथे का नको? वळण तीन फुटांच्या आतल्या त्रिज्येचं असतं, समजा झाडाभोवतीचा पार, तर मीही त्याच्याच बाजूने बोललो असतो, किंवा चार-चार इंचांच्या पट्ट्या उभ्या लावायला सांगितल्या असत्या. गच्चीवर मोझॅक चांगलं चालतं, कारण त्याखाली विटांचा कोबा असतो, त्याला ढाळ असतो, कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यात गोलसर भरलेला माल, असतो. भिंतीच्या माथ्यावर यातलं काही नाही. मोझॅकचा तुकडा भिंतीबाहेर काढता येत नाही, म्हणजे वळचण गेली, आणि सांधे शेकड्याने वाढले. शिवाय चांगल्या अख्ख्या लाद्या फोडायला माझा हात होत नाही, हेही कबूल करतो.

कापण्याआधी साचा करा. सहा मिलिमीटर प्लायचा एक तुकडा वरच्या मापाने कापून माथ्यावर फिरवत न्या, पेन्सिलने सगळे सांधे आखा. शास्त्राने प्रत्येक सांध्याची रेघ वर्तुळाच्या केंद्राकडे जायला हवी, आणि मोकळ्या बागेत आम्ही केंद्रात खुंटी ठोकून दोरीने तपासतो. तुमचं केंद्र मातीच्या बाजूला दहा फुटांवर, म्हणजे बहुधा तुमच्या हॉलमध्ये येईल. तेव्हा साच्यावरच भिस्त ठेवा. साचा बरोबर असेल आणि सांधे पुढेमागे सारखे असतील तर रेघा आपोआप केंद्राकडेच जातात. शेवटी दोन-तीन सुतांची चूक निघेल. ती सगळ्या सांध्यांत वाटून टाका. कापताना पाणी सोडत राहा आणि तोंडाला मास्क. धूळ तुमच्या घरातही जाणार आहे आणि कटरवाल्याच्या छातीतही.

सगळे तुकडे कोरडे मांडून झाले, पाठीवर मार्करने आकडे टाकले, की मग या कामातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. पावसाचं पाणी कडेवर आलं की लगेच खाली पडत नाही. ते दगडाच्या पोटाला धरून मागे सरकतं आणि भिंतीला मिळतं. दीड इंच बाहेर काढलेला दगडही मग फुकट जातो. म्हणून दगडाच्या पोटाला, पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत, दोन सूत रुंद आणि दोन सूत खोल खाच मारायची, सांध्यापासून सांध्यापर्यंत अखंड. पाणी खाचेपाशी येतं, पुढे चढू शकत नाही, तिथून थेंब होऊन गळतं. आम्ही तिला ड्रिप म्हणतो. ती बसवण्याआधी मारायची, कारण नंतर हात पोचत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. 2004 च्या सुमारास मढला एका बंगल्याच्या बागेत अशीच भिंत केली. खाच मारली, दगड बसवले, आणि मी दुसऱ्या साइटवर गेलो. माझ्याच गवंड्याने खालून सांधे भरताना ती खाचही मालाने भरून गुळगुळीत करून टाकली. त्याच्या मते ते फिनिशिंग. ऑगस्टमध्ये मालकांचा फोन आला. पांढऱ्या भिंतीवर हातभर लांबीचे काळे ओघळ. दगड उखडले तर फुटणार, म्हणून चटई टाकून भिंतीखाली आडवे झालो आणि ग्राइंडरने इंचइंच खाच पुन्हा कोरली. दोन दिवस डोळ्यांत धूळ. पैसे अर्थात मागता आले नाहीत. तेव्हापासून खाचेत आधी सुतळी दाबून ठेवतो आणि सांधे भरून झाले की ओढून काढतो. तुमच्या गवंड्यालाही तेच करायला लावा, त्याला कितीही विचित्र वाटलं तरी.

ढाळ कुणीकडे द्यायचा? मातीकडे. दर्शनी कड वर, मागची कड अर्धा इंच खाली. पाणी झाडांना मिळतं आणि समोरचा रंग वाचतो. ढाळ मागे असताना पुढे खाच कशाला, असं गवंडी विचारेल. मुंबईचा पाऊस सरळ पडत असता तर त्याचं बरोबर होतं. नुसती भिंत असती तर मी ढाळ पाऊण इंच, इंचभरही दिला असता. पण अडीच फुटांची भिंत मुंबईत कट्टाच होते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जे होतं तेच तुमच्या सोसायटीत संध्याकाळी होणार. बसणाऱ्याला अर्ध्या इंचाचा उतार जाणवत नाही आणि पाणीही साचत नाही. पुढच्या कडेची धार सूतभर मारून घ्या, मांडीला लागणार नाही. चकचकीत पॉलिश करू नका. शेवाळ धरलं की त्यावरून पोरं घसरतात.

गोलावर ढाळ दिला की लेव्हल तपासायची पद्धत बदलते. सरळ भिंतीवर दोन टोकांना दोरी बांधली की काम भागतं. इथे दोरी वळणार नाही. लेव्हलचा पाण्याचा पाइप घ्या आणि दोन रेषा वेगवेगळ्या तपासा, पुढची कड सगळीकडे एका पातळीत, मागची कड सगळीकडे तिच्यापेक्षा अर्धा इंच खाली. दोन्ही जमल्या की मधलं आपोआप जमतं. नुसत्या पुढच्या कडेवर लक्ष ठेवलं तर एखादा दगड पिळलेला बसतो, आणि पावसानंतर नेमकं त्याच्यावर डबकं दिसतं.

बसवण्याची तयारी. माथ्यावरचं जुनं प्लास्टर सगळं काढा. थोडं घट्ट आहे म्हणून राहू देऊ नका. वरच्या थरातली विट हलत असेल तर ती काढून नव्या मालात बसवा. धुऊन घ्या. एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) मालाने माथ्याला ढाळ करून घ्या, म्हणजे दगडाखालचा माल सगळीकडे सारख्या जाडीचा राहील. तो वाळला की सिमेंटमध्ये कालवून लावायचं वॉटरप्रूफिंग दोन हात, माथ्यावर आणि दोन्हीकडे तीन-तीन इंच खाली उतरवून. दुसरा हात ओला असतानाच त्यावर चिमटी-चिमटी रेती शिंपडा, नाहीतर वरचा माल गुळगुळीत पृष्ठावर धरत नाही. डांबराचं किंवा प्लास्टिकच्या कागदासारखं वॉटरप्रूफिंग इथे नको, त्यावर दगड पकडतच नाही. आणि रेती खाडीची नको. तिच्यातलं मीठ महिनाभरात लोणा होऊन दगडावर उमटतं. हल्ली क्रश सँड सगळीकडे मिळते, ती चांगली.

दगडाखाली माल पूर्ण हवा. घाई असली की गवंडी चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे टाकून लादी दाबतो. गोळ्यांच्या मध्ये पोकळी राहते, तिथे पाणी साचतं, आणि कोणी कडेवर उभं राहिलं की दगड फाटतो. तुमचा एक तुकडा सात किलोंच्या आसपास भरेल. नुसत्या वजनावर तो जागचा हलणार नाही असं नाही, त्याला धरून ठेवणारा मालच आहे. पाऊण इंच माल पसरा, दगड भिजवून पाठीला सिमेंटची घट्ट स्लरी फासा, ठेवा आणि रबरी हातोडीने ठोका. दुसऱ्या दिवशी सगळे दगड बोटाच्या पेराने वाजवा. पोकळ वाजेल तो त्याच दिवशी काढून परत बसवा, आठवड्याने निघणार नाही. सुरुवात मधल्या दगडापासून करून दोन्हीकडे जा.

सांधे भरण्याआधी एक विचार. हा दगड मे महिन्यात दुपारी हात ठेववत नाही इतका तापतो आणि पहिल्या सरीला एकदम गार होतो. 22 फूट सलग कडक मालाने जखडले तर कुठेतरी तडा जाणारच. म्हणून दर सात-आठ फुटांवर एक, असे दोन सांधे मालाशिवाय सोडा. त्यांत फोमची दोरी दाबून वरून पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरा. भिंतीतच आधी उभी चीर असेल तर सोडलेला सांधा नेमका तिच्यावर येऊ द्या. तिथे कितीही माल भरा, चीर आपली वर येतेच. सीलंट कोरड्या, धूळ पुसलेल्या दगडालाच चिकटतो, त्यामुळे तो सगळ्यांत शेवटी. बाकीचे सांधे बारीक रेतीच्या मालाने तळापासून दाबून भरा. वरवर फासलेला माल एक पावसाळाही टिकत नाही.

पाणी मारणं सात दिवस. गोणपाट टाकून ओलं ठेवा, मेच्या उन्हात नुसतं सकाळ-संध्याकाळ शिंपडून काही होत नाही. पहिले चार दिवस कोणी बसू नये. त्यासाठी सूचना लिहू नका, निवडुंगाच्या कुंड्या ठेवा. एक गवंडी, एक बिगारी आणि दोन दिवस कटरवाला धरला तर काम आठवड्याचं आहे, मातीकडचं वॉटरप्रूफिंग निघालं तर आणखी चार-पाच दिवस. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो असं धरून मेच्या मध्यापर्यंत दगड बसलेले हवेत. तोपर्यंत जमत नसेल तर घाई करू नका. माथ्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात देऊन सोडा आणि दगड दिवाळीनंतर बसवा. आणि जागा सोसायटीची आहे, तेव्हा कमिटीकडून दोन ओळींची परवानगी आधी घ्या. कटर सुरू झाल्यावर मागितलेली परवानगी मिळत नाही.

शेवटच्या दिवशी गवंडी अ‍ॅसिडची बाटली मागेल, दगडावरचे सिमेंटचे डाग काढायला. देऊ नका. ग्रॅनाइटला ते एक वेळ चालतं, शहाबादी चुनखडी आहे. उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतील आणि वाळल्यावर तिथे फिकट डाग राहील. अ‍ॅसिडने तसाच डाग सगळ्या माथ्यावर पडतो आणि कायमचा राहतो. त्याऐवजी बसवतानाच ओल्या स्पंजाने दगड पुसत जायचं. तरी राहिलेले थेंब लाकडी पट्टीने खरवडायचे. लाख पॉलिश किंवा तेलही नको. खालची ओल अडकते आणि वर पापुद्रा धरतो.

कापलेले दोन जादा तुकडे आणि प्लायचा साचा मीटर रूममध्ये ठेवून द्या, साच्यावर तारीख घालून. समोर पार्किंग आहे. आज ना उद्या कोणीतरी टेम्पो मागे घेताना एक दगड उडवणार, आणि तेव्हा साडेचार सूत तिरपा काप नेमका किती होता, हे ना तुम्हाला आठवणार ना गवंड्याला.